चाल, वेग आणि त्वरण: सूत्र पाठ करण्याआधी मोजून पाहा

बोलताना आपण गती, वेग, स्पीड हे शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि कुणाचे काही अडत नाही. अडते ते विज्ञानाच्या तासाला. तिथे गती म्हणजे वस्तूची जागा बदलत असणे, चाल म्हणजे ती किती भरभर बदलते, वेग म्हणजे किती भरभर आणि कोणत्या दिशेने, आणि त्वरण म्हणजे हा वेगच किती भरभर बदलतो आहे. रस्त्याकडेच्या पाटीवरची 'वेगमर्यादा' खरे तर चालमर्यादा असते. तुम्ही कुठल्या दिशेला निघालात याच्याशी पाटीला काही देणेघेणे नसते. गाडीतला काटाही चालच दाखवतो. दिशा सांगायला त्याच्या शेजारी होकायंत्र लावावे लागेल.

यातली सूत्रे तीनच आहेत आणि तिन्ही भागाकाराची. मुले चुकतात ती भागाकारात नाही. कोणते अंतर घ्यायचे, कोणता काळ घ्यायचा आणि कोणत्या क्षणाचा वेग घ्यायचा, इथे चुकतात. ही चूक फळ्याकडे बघून सुटत नाही, हातात घड्याळ आणि टेप घेतली की सुटते. म्हणून इथे प्रत्येक कल्पनेबरोबर एक मोजणी दिली आहे. त्यातली गोटीची मोजणी सर्वांत मोठी आहे. वेळ कमी असेल तर बाकीचे नुसते वाचा, पण ती करा.

आधी अंतर आणि विस्थापन

४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे आयताकृती मैदान घ्या. एका कोपऱ्यातून निघून कडेकडेने चालत समोरच्या, म्हणजे कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात गेलात तर पाय ७० मीटर चालले. हे अंतर. निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंत सरळ दोरी ताणली तर ती ५० मीटर भरते (३०, ४०, ५० चा काटकोन त्रिकोण). हे विस्थापन, आणि त्याला दिशाही असते: या कोपऱ्याकडून त्या कोपऱ्याकडे.

मैदानाची पूर्ण फेरी मारून पुन्हा त्याच कोपऱ्यात आलात तर अंतर १४० मीटर, विस्थापन शून्य. दमलात तरी शून्यच. विस्थापनाला वाटेत काय घडले ते माहीत नसते; त्याला फक्त सुरुवात आणि शेवट कळतो. विस्थापन अंतराएवढे किंवा त्याहून कमी असते, जास्त कधीच नाही. उत्तर जास्त आले तर तिथेच थांबून आकृती पुन्हा काढा.

चाल कशी मोजायची

सूत्र: चाल = कापलेले एकूण अंतर ÷ लागलेला एकूण काळ.

सपाट जागेवर खडूने ० पासून २० मीटरपर्यंत दर ५ मीटरला आडवी रेघ मारा. टेप ताणून धरा. सैल टेपेने ५ मीटरमागे काही सेंटिमीटर सहज चुकतात. चालणाऱ्याने शून्याच्या रेघेवरून नाही, तिच्या २ मीटर मागून सुरुवात करायची. उभ्या स्थितीतून नेहमीची चाल पकडायला दोन-तीन पावले लागतात, आणि आपल्याला सध्या ती पावले हिशेबात नको आहेत. मोबाइलमधले स्टॉपवॉच चालणाऱ्याच्याच हातात द्या आणि प्रत्येक रेघ ओलांडताना त्याला लॅपचे बटण दाबू द्या. लांब उभ्या असलेल्या मित्राला रेघ तिरकी दिसते आणि पाय रेघेवर आला की नाही हे नीट कळत नाही.

एक सूचना: बहुतेक स्टॉपवॉचवर लॅपच्या ओळीत दोन आकडे दिसतात. एक त्या टप्प्याचा काळ, दुसरा सुरुवातीपासूनचा एकूण काळ. कोणता आकडा कोणता ते आधी ठरवून घ्या, नाहीतर तक्ता भरताना दोन्हींची खिचडी होते.

समजा एकूण काळ ३.८, ७.५, ११.३ आणि १५.० सेकंद आला. मग टप्प्यांचे काळ ३.८, ३.७, ३.८, ३.७ सेकंद. दर टप्प्याला जवळजवळ सारखाच वेळ लागला, म्हणून ही चाल एकसमान म्हणता येईल. २० ÷ १५.० = १.३३ मी/से. माणसाची रमतगमत नसलेली, पण घाईचीही नसलेली चाल साधारण एवढीच असते. तुमचे उत्तर १३ किंवा ०.१३ आले तर दशांशचिन्ह हललेले आहे.

घड्याळ १५.०३ दाखवते म्हणून वहीत १५.०३ लिहू नका. बटण दाबणाऱ्या बोटालाच सुमारे ०.२ सेकंद उशीर होतो. मग शंभरावा भाग लिहिण्यात अर्थ नाही. एक दशांश स्थळ पुरे.

सरासरीचा सापळा

सायकलवर १२ किलोमीटर जाताना चाल १० किमी/तास आणि त्याच रस्त्याने परतताना १५ किमी/तास. सरासरी चाल किती? दहापैकी आठ जण १२.५ म्हणतील. करून पाहा. जायला १.२ तास, यायला ०.८ तास, एकूण २ तास. अंतर २४ किलोमीटर. सरासरी १२ किमी/तास. संथ चालीत तुम्ही जास्त वेळ घालवलात, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते. दोन चालींची बेरीज करून दोनने भागणे तेव्हाच बरोबर, जेव्हा दोन्ही चालींना सारखाच *वेळ* दिलेला असतो. सारखे अंतर असून चालत नाही.

सरासरी किती लपवते याचे सुंदर उदाहरण म्हणजे युसेन बोल्टची २००९ मधली बर्लिनची शर्यत. १०० मीटर, ९.५८ सेकंद, म्हणजे सरासरी १०.४४ मी/से. पण दर २० मीटरचे काळ बघा: २.८९, १.७५, १.६७, १.६१, १.६६ सेकंद. पहिल्या टप्प्याची सरासरी जेमतेम ६.९ मी/से, कारण तो थांबलेल्या स्थितीतून निघाला (बंदुकीच्या आवाजानंतर हलायला लागलेला वेळही त्यातच आहे). ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात १२.४ मी/से. शेवटच्या २० मीटरमध्ये चाल किंचित उतरून १२.० वर आली. जगातला सर्वांत वेगवान धावपटूसुद्धा शेवटी *मंदावत* होता, हे १०.४४ या एका आकड्यावरून कधीच कळले नसते. टप्पा जितका लहान घ्याल तितके त्या क्षणाच्या चालीच्या जवळ जाल. गाडीचा काटा दाखवतो ती अशी त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक चाल.

एकके बदलणे

१ किलोमीटर म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद. १००० ÷ ३६०० चे सोपे रूप ५/१८. म्हणून किमी/तास चे मी/से करताना ५/१८ ने गुणा, उलट करताना १८/५ ने. ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २० आणि १०८ चे ३०, ही चार उत्तरे तोंडपाठ असलेली बरी. कशाने गुणायचे हे विसरलात तर एवढे आठवा की त्याच चालीचा मी/से मधला आकडा नेहमी लहान असतो.

वेग: दिशा लिहिली नाही तर उत्तर अपुरे

वेग = विस्थापन ÷ काळ. वर नाही तर खाली, पूर्वेला नाही तर पश्चिमेला, काहीतरी दिशा हवीच. मैदानाच्या दोन बाजू (७० मीटर) ३५ सेकंदांत चाललात तर चाल २ मी/से; पण वेग ५० ÷ ३५ = १.४३ मी/से, समोरच्या कोपऱ्याच्या दिशेने. पूर्ण फेरी ७० सेकंदांत केलीत तर चाल पुन्हा २ मी/से, सरासरी वेग शून्य.

एका सरळ रेषेतल्या गतीत दिशा लिहायची सोपी युक्ती आहे: एक दिशा धन ठरवा, उलटी ऋण. उजवीकडे ३ मी/से म्हणजे +३, डावीकडे ३ मी/से म्हणजे −३. हे ठरवणे तुमच्या हातात आहे, पण गणित संपेपर्यंत ते बदलायचे नाही. अर्ध्या वाटेत दिशा बदलणारी मुले उत्तर चुकवतात आणि चूक कुठे झाली हे मग सापडतही नाही.

त्वरण: बदलाचा वेग

त्वरण = (अंतिम वेग − सुरुवातीचा वेग) ÷ काळ. एकक मीटर प्रति सेकंद वर्ग, मी/से². 'सेकंदाचा वर्ग' म्हणजे काय, असा प्रश्न पडायलाच हवा. ते एकक असे वाचा: मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला. बस थांब्यावरून निघून ५ सेकंदांत ३६ किमी/तास म्हणजे १० मी/से वेगाला पोचली, तर त्वरण २ मी/से². याचा अर्थ पहिल्या सेकंदाअखेर वेग २, दुसऱ्याअखेर ४, मग ६, ८, १०. दर सेकंदाला वेगात २ ची भर. वर्ग केलेला सेकंद कुठेही शोधू नका.

आणि वेग मोठा म्हणजे त्वरण मोठे, हे डोक्यातून काढून टाका. सरळ मार्गावर ९०० किमी/तास या एकाच वेगाने जाणाऱ्या विमानाचे त्वरण शून्य. झाडावरून नुकत्याच सुटलेल्या फळाचा वेग जवळजवळ शून्य, पण त्वरण ९.८ मी/से².

गोटीचा प्रयोग

सरळ खाली पडणारी वस्तू अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर जाते. तिच्यामागे बोट धावू शकत नाही. हीच अडचण चारशे वर्षांपूर्वी गॅलिलिओला आली. त्याच्याकडे स्टॉपवॉच नव्हतेच. त्याने पडणे मंद करण्यासाठी गोळा उतरत्या खाचेतून सोडला आणि भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी तोलून वेळ मोजला. आपण तेच करणार आहोत, फक्त पाण्याऐवजी मोबाइल.

लागणारे सामान: २ मीटरहून थोडी लांब, सरळ, नालीच्या आकाराची पट्टी (वायरी झाकायची प्लॅस्टिकची केसिंग पट्टी झाकण काढून, किंवा ॲल्युमिनिअमचा चॅनेल), एक काचेची गोटी किंवा बेअरिंगमधली पोलादी गोळी, टेप, स्टॉपवॉच, एक छोटा लाकडी ठोकळा, चिकटपट्टी, पुस्तके आणि आलेख कागद.

१. पट्टीचे एक टोक उचला, दर मीटर लांबीला ३ सेंटिमीटर या हिशेबाने. २ मीटरला ६ सेंटिमीटर चढ पुरे. जास्त तीव्र उतार केला की गोटी दीडदोन सेकंदांत खाली येते आणि बोटाचा उशीर सगळे बिघडवतो.

२. पट्टीखाली दर अर्ध्या मीटरला पुस्तके किंवा पुठ्ठे देऊन आधार द्या. दोनच टोकांवर टेकलेली पट्टी मध्ये झोळ धरते. मग उतार वर जास्त आणि खाली कमी होतो आणि त्वरण एकसमान राहत नाही. एका टोकाला डोळा लावून पट्टीच्या कडेवरून बघा, वाक लगेच दिसतो.

३. वरच्या टोकापासून ५ सेंटिमीटर सोडून सुरुवातीची रेघ मारा. तिथून ०.५, १.०, १.५ आणि २.० मीटरवर खुणा करा. गोटीचा पुढचा भाग रेघेला लागेल अशी ती ठेवायची, दर वेळी तशीच.

४. गोटी बोटाने धरून सोडू नका. नकळत ढकल बसते. फूटपट्टी आडवी धरून तिला गोटी टेकवा आणि सोडताना फूटपट्टी उताराच्या दिशेने झटकन पुढे काढून वर उचला. पट्टी गोटीच्या पुढे पळाली पाहिजे, गोटीला घासत वर गेली नाही पाहिजे.

५. ठोकळा ज्या अंतराचा काळ हवा त्या खुणेवर ठेवा. गोटी आपटल्याचा आवाज आला की घड्याळ थांबवा. फूटपट्टी काढणाऱ्यानेच दुसऱ्या हाताने घड्याळ सुरू करायचे. एकाने 'चल' म्हणायचे आणि दुसऱ्याने बटण दाबायचे, यात दोघांचा उशीर जमा होतो.

६. प्रत्येक अंतरासाठी पाच वाचने घ्या. गोटी बाजूच्या भिंतीला घासली किंवा बटण उशिरा दाबले गेले असे दिसले तर ते वाचन खोडा, पण शेजारी कारण लिहा. 'बाकीच्यांशी जुळत नाही' हे खोडण्याचे कारण नव्हे.

नमुन्यादाखल, सरासरी काळ असे आले असे धरू:

| अंतर (मी) | काळ (से) | काळाचा वर्ग | त्वरण (मी/से²) |
|---|---|---|---|
| ०.५ | २.३ | ५.२९ | ०.१९ |
| १.० | ३.२ | १०.२४ | ०.२० |
| १.५ | ३.९ | १५.२१ | ०.२० |
| २.० | ४.५ | २०.२५ | ०.२० |

आता पहिली गोष्ट बघा. ०.५ मीटरला २.३ सेकंद आणि चौपट अंतराला, म्हणजे २ मीटरला, ४.५ सेकंद. चौपट वेळ लागला नाही, साधारण दुप्पटच लागला. गोटी जाता जाता वेग घेते आहे, याचा हा सरळ पुरावा.

त्वरणाचा शेवटचा रकाना कसा काढला? थांबलेल्या स्थितीतून सुटलेल्या वस्तूसाठी त्वरण = २ × अंतर ÷ काळाचा वर्ग. या सूत्रातला २ कुठून आला ते कळले नाही तर पुढची चूक अटळ आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

२ मीटर ४.५ सेकंदांत, म्हणजे ०.४४ मी/से. हा वेग कुठला? सरासरी. गोटी शून्यापासून सुरू झाली आणि शेवटी सर्वांत वेगात होती. वेग एकसारखा वाढत गेला तर सरासरी बरोबर मधोमध येते. म्हणून अंतिम वेग सरासरीच्या दुप्पट, ०.८९ मी/से. त्वरण = ०.८९ ÷ ४.५ = ०.२० मी/से². बहुतेक वह्यांमध्ये इथे ०.४४ लाच अंतिम वेग समजून ०.४४ ÷ ४.५ = ०.१० असे उत्तर आलेले असते, नेमके निम्मे. तुमचे उत्तर दुसऱ्या गटाच्या निम्मे आले तर उपकरणावर संशय घेण्याआधी हेच तपासा.

अंतिम वेग खरेच दुप्पट आहे का, हे पाहायचे असेल तर उताराच्या शेवटी तशीच दुसरी पट्टी सपाट जोडा आणि त्यावरच्या १ मीटरला लागणारा काळ मोजा. ०.८९ मी/से वेगाला १.१ सेकंद लागायला हवेत. ०.४४ खरा असता तर २.३ सेकंद लागले असते. फरक इतका मोठा आहे की बोटाचा उशीर तो झाकू शकत नाही. जोडाच्या जागी पायरी किंवा फट राहू देऊ नका, गोटी उडते. आतून चिकटपट्टी लावून सांधा गुळगुळीत करा.

पहिल्या ओळीतले त्वरण थोडे कमी का दिसते? २.३ सेकंदांत ०.२ सेकंदाची चूक म्हणजे सुमारे ९ टक्के. सूत्रात काळाचा वर्ग आहे, त्यामुळे त्वरणातली चूक दुप्पट होऊन १८ टक्क्यांच्या आसपास जाते. ४.५ सेकंदांत तीच चूक ४ टक्के, वर्ग केल्यावर ९. म्हणून लांब अंतराच्या वाचनांवर जास्त भरवसा ठेवा.

मोठ्या वर्गातली मुले ९.८ × ०.०३ = ०.२९ (पडत्या वस्तूचे त्वरण × दर मीटरला ०.०३ मीटर चढ) असा हिशेब मांडून विचारतात की ०.२० च का आले. गोटी घसरत नाही, लोळते. उताराने मिळालेल्या ऊर्जेचा काही भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो. भरीव गोळ्यासाठी त्वरण ५/७ पटीने उरते, म्हणजे ०.२१. राहिलेला थोडा फरक घर्षणाचा. गोटी जड घेतली म्हणून काही ती लवकर पोचत नाही. टेबल टेनिसचा पोकळ चेंडू मात्र मागे पडतो. ही शर्यत लावून पाहण्यासारखी आहे.

ज्यांच्याकडे मोबाइल ठेवायला स्टँड आहे त्यांनी बटणाचा नादच सोडावा. पट्टीशेजारी टेप चिकटवून, मोबाइल पट्टीच्या मध्यासमोर काटकोनात आणि शक्य तितका लांब ठेवून व्हिडिओ घ्या. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर दर १५ व्या फ्रेमला अर्धा सेकंद. जवळून घेतलेल्या व्हिडिओत टोकाकडची वाचने तिरकी येतात, म्हणून लांबून. स्लो मोशनमध्ये फ्रेमची संख्या वेगळी असते, ती सेटिंगमध्ये पाहून घ्या. त्वरण ०.२० असेल तर दर अर्ध्या सेकंदाला गोटी साधारण २.५, १०, २२.५, ४०, ६२.५ सेंटिमीटरवर दिसेल. लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा: २.५, ७.५, १२.५, १७.५, २२.५. म्हणजेच १, ३, ५, ७, ९ या प्रमाणात. गॅलिलिओला सापडलेला विषम संख्यांचा नियम हाच.

ऋण त्वरण म्हणजे नेहमीच मंदावणे नव्हे

५४ किमी/तास (१५ मी/से) वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर ३ सेकंदांत थांबली: (० − १५) ÷ ३ = −५ मी/से². इथे ऋण चिन्ह म्हणजे वेग कमी झाला. इथवर ठीक. पण हा नियम म्हणून पाठ केला की पुढचे उदाहरण चुकते.

चेंडू सरळ वर ९.८ मी/से वेगाने फेकला. वरची दिशा धन. दर अर्ध्या सेकंदाने वेग: +९.८, +४.९, ०, −४.९, −९.८. प्रत्येक पायरीला ४.९ ने घट, म्हणजे त्वरण सतत −९.८ मी/से². पहिल्या सेकंदात चेंडू मंदावतो, दुसऱ्या सेकंदात खाली येताना भरभर होत जातो, आणि दोन्ही वेळा त्वरण तेच, ऋणच. चिन्ह दिशा सांगते. वेग आणि त्वरण एकाच चिन्हाचे असतील तर चाल वाढते, उलट चिन्हांचे असतील तर कमी होते. सर्वांत वर, ४.९ मीटर उंचीवर, वेग शून्य असतो; त्वरण शून्य नसते. असते तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

वळणाचेही असेच. पूर्वेकडे ५ मी/से चालीने पळणारा मुलगा खांबाला वळसा घालून ४ सेकंदांत त्याच चालीने पश्चिमेकडे पळू लागला. चाल बदलली नाही, म्हणून त्वरण शून्य? वेग +५ वरून −५ झाला. बदल −१०, सरासरी त्वरण −२.५ मी/से², म्हणजे पश्चिमेकडे. गाडीत वेग बदलणारी साधने एक नसून तीन असतात: ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि स्टिअरिंग.

आलेख

आलेखाआधी अक्षांची नावे वाचायची सवय लावा, आकृती नंतर. आडवी सरळ रेघ अंतर-काळ आलेखात 'वस्तू थांबलेली आहे' म्हणते आणि वेग-काळ आलेखात 'वस्तू एकाच वेगाने जाते आहे' म्हणते. रेघ तीच, अर्थ पार वेगळा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चढणारी रेघ पाहून 'वस्तू टेकडी चढते आहे' असे समजणे. आलेख हा रस्त्याचा फोटो नाही.

अंतर-काळ आलेखाचा चढ (उभा बदल ÷ आडवा बदल) म्हणजे चाल, वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण. चढ काढताना रेघेवरचे दोन बिंदू जितके दूर घ्याल तितके बरे, आणि ते रेघेवरचे घ्या. तुमच्या वाचनांचे बिंदू रेघेवर नसतील तर ते वापरू नका. बिंदू एकमेकांना जोडत नागमोडी रेघ काढू नका. सर्वांच्या मधून जाणारी एकच रेघ, टोकदार पेन्सिलीने.

गोटीचे अंतर-काळ बिंदू मांडले तर वर वळत जाणारी वक्ररेषा येते. तिचा चढ डोळ्यांनी काढणे अवघड. त्याऐवजी आडव्या अक्षावर काळाचा वर्ग घ्या. बिंदू सरळ रेघेत येतात. नमुन्याच्या आकड्यांवरून चढ = (२.० − ०.५) ÷ (२०.२५ − ५.२९) = ०.१०. त्याची दुप्पट ०.२०, हेच त्वरण. रेघ चारही वाचने मिळून ठरते, म्हणून हे उत्तर एकेका ओळीपेक्षा जास्त विश्वासाचे.

वेग-काळ आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. सायकलचा वेग ८ सेकंदांत ५ वरून ९ मी/से झाला, तर चढ ४ ÷ ८ = ०.५ मी/से². खाली समलंब चौकोन आहे; क्षेत्रफळ (५ + ९) ÷ २ × ८ = ५६ मीटर. इथेही सरासरी ७ घेतली आहे, ९ नाही.

हेच ब्रेकच्या उदाहरणाला लावा. १५ मी/से वरून ३ सेकंदांत शून्य: त्रिकोणाचे क्षेत्रफळ ½ × ३ × १५ = २२.५ मीटर. आता तीच गाडी, तेच ब्रेक, पण वेग दुप्पट, ३० मी/से. थांबायला ६ सेकंद लागतील. त्रिकोणाचा पायाही दुप्पट, उंचीही दुप्पट; क्षेत्रफळ ½ × ६ × ३० = ९० मीटर, चौपट. शिवाय चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १ सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात पहिली गाडी १५ आणि दुसरी ३० मीटर पुढे गेलेली असते. वेग-काळ आलेखात हा भाग त्रिकोणाच्या आधीचा आयत म्हणून काढा. एकूण थांबण्याचे अंतर पहिल्या गाडीला ३७.५ मीटर, दुसरीला १२० मीटर.